नाकातल्या काडीचा साडेनऊ हजारांचा रिपोर्ट

लेकीला न्यूमोनिया झाला तेव्हा जिथे ठेवलं त्या हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. नाशिकमधलं, गंगापूर रोडच्या बाजूचं, लहान मुलांचं, एवढं पुरे. चांगलं आणि वाईट दोन्ही लिहायचंय. नाव टाकलं की चांगल्याला लोक जाहिरात म्हणतात आणि वाईटाला दुश्मनी.

मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली. दिवसभर हातात मापं तपासायचा व्हर्नियर नाहीतर गेज. त्यामुळे टेस्ट महाग आहे म्हणून ती भारी, असं मानायची सवय मला नाही. तरी त्या रात्री काउंटरवर मी कागद न वाचता सही केली. लेकरू मांडीवर धापा टाकत असलं की कोणीही करेल.

आमची ओवी साडेतीन वर्षांची. संक्रांतीला निफाडकडे, सासुरवाडीला गेलो होतो. तिकडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना थंडीने तडे जाऊ नयेत म्हणून, आणि तो धूर सकाळी आठपर्यंत तसाच अंगणात बसून असतो. मामेभावंडांना सर्दी होतीच. घरी आलो आणि शनिवारी ओवीला १०३ ताप.

रविवारी सिडकोतल्या एका दवाखान्यात नेलं. तपासणी दोन मिनिटं, चिठ्ठी पाऊण पान. तीन दिवसांचं अँटिबायोटिक, कफ सिरप, वाफ, शिवाय ताकदीचं एक. सिरपची बाटली बायकोने उघडलीच नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडे भेसळीच्या कफ सिरपने मुलं गेली, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यानंतर केंद्र सरकारनेही दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका म्हणून कळवलं होतं. आमची साडेतीनची, पण आई ती आई. तिने मध-आलं दिलं. अँटिबायोटिक मात्र आम्ही नीट तिन्ही दिवस दिलं.

मंगळवारी ताप उतरला. बुधवारी पोरगी गच्चीवर पतंगाचा मांजा गोळा करत होती. मला वाटलं, औषध लागू पडलं. इथेच मी फसलो, त्यावर पुढे येतो.

गुरुवारी रात्री ताप परत. आणि या वेळी पोरगी वेगळीच. खेळणं नाही, पाणी नाही, आणि दर श्वासाला हलकंसं कण्हणं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पोट उडतंय का बघा." उडत होतं.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर काढला. ओवीच्या बोटावर तो आधी ९७, मग ८४, मग नुसत्या रेघा दाखवायला लागला. बोट बारीक, थंडगार, त्यात ती हात झटकतेय, आणि ते यंत्र मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनवलेलं. पाच वर्षांत त्याचं कॅलिब्रेशन कोणी केलंय? कंपनीत असलं गेज मी लाल स्टिकर लावून बाजूला ठेवलं असतं. घरी त्याच्याकडे वीस मिनिटं बघत बसलो. ज्यांच्या घरात असं यंत्र आहे त्यांनी लहान मुलांच्या बाबतीत त्याच्या भरवशावर राहू नये.

पहाटे दोनला हॉस्पिटल. आणि इथे मी पहिला स्टार देतो, तो एका सिस्टरला.

तिने आधी ना फाइल मागितली, ना आधार कार्ड. ओवीला बायकोच्या मांडीवरच राहू दिलं. रडणं थांबेपर्यंत थांबली, चांगली चार-पाच मिनिटं. मग स्वेटर आणि फ्रॉक हळूच वर केला, मनगटावरचं घड्याळ ओवीच्या पोटाजवळ धरलं आणि नुसती बघत राहिली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर दुसऱ्या हाताने थांबा केलं. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं नाही. मग म्हणाली, "बावन्न." आणि पुन्हा एकदा मोजलं. पन्नास.

नंतर तिनेच समजावलं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याच्या वर गेला तर तो जलद धरायचा. दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५०, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०. मूल शांत असताना मोजायचं, रडताना मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. आणि बरगड्यांच्या खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातोय का ते बघायचं. ओवीचा जात होता. तिने बोट ठेवून दाखवला. मी रात्रभर तीच छाती बघत होतो आणि मला तो दिसला नव्हता. खर्च शून्य रुपये, उपकरण एक घड्याळ. पूर्ण बिलात सगळ्यात उपयोगी तपासणी हीच होती आणि बिलात ती कुठेच नाही.

मग पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायचा पट्टीसारखा प्रोब गुंडाळला. ९१. झोप लागल्यावर ८९. लगेच नाकाला ऑक्सिजनची नळी.

डॉक्टर मॅडम सकाळी सातला आल्या, पण रात्रीच्या डॉक्टरांनी फोनवर त्यांच्याशी बोलून उपचार सुरू केले होते. एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरा पट्टा. सीआरपी, म्हणजे रक्तात अंगातली सूज दाखवणारा आकडा, ८६. सलाईनमधून अँटिबायोटिक, आणि फ्लूचा संशय म्हणून त्यावरचं औषध तोंडाने. हे सगळं शुक्रवारी पहाटे साडेतीनपर्यंत झालं होतं. ही वेळ लक्षात ठेवा.

त्याच वेळी काउंटरवरून कागद आला. "रेस्पिरेटरी पॅनल, सर. ॲडमिशनला करतोच आम्ही. सगळे जंतू एकदम कळतात." ९,५०० रुपये. काय कळेल, कधी कळेल, त्याने उपचारात काय बदलेल, एक शब्द नाही. मीही विचारलं नाही.

स्वॅब घेणं बघवत नाही. लांब लवचिक काडी, टोकाला बारीक ब्रशसारखं काहीतरी. नाकपुडीतून सरळ मागे, घशाच्या वरच्या टोकापर्यंत. मावशींनी ओवीचं डोकं छातीशी धरलं. मावशी सटाण्याकडच्या, "काय व्हयनं वं माय, व्हयनं, व्हयनं" म्हणत होत्या, म्हणजे झालं, झालं, आणि ओवीला त्यातलं काही कळत नसूनही ती त्यांच्याकडेच बघत होती. काडी गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून टाकली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट आला शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे उपचार सुरू होऊन एकोणचाळीस तासांनी. तोवर ओवीचा ताप उतरणीला लागला होता, आणि तिने मावशींकडे बिस्कीट मागितलं होतं.

रिपोर्ट मोबाईलवर आला, चार पानांचा, रंगीत. चार ओळी लाल: इन्फ्लुएन्झा ए, ऱ्हायनोव्हायरस, स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनी, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. घरच्या ग्रुपवर टाकला ही माझी चूक. पाच मिनिटांत मेहुण्याचा फोन: "दाजी, फ्लू दोनदा झालाय तिला. आणि चार-चार जंतू! मुंबईला हलवायचं का?" सासूबाई रडायला लागल्या. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी रिपोर्टकडे. त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की निकाल लक्षणांशी जुळवून बघावा. आमच्याकडे पण असंच लिहितात, कोणी वाचत नाही.

रात्री राउंडला मॅडमनी खुर्ची ओढली आणि पंधरा मिनिटं दिली. हा दुसरा स्टार. त्या म्हणाल्या, बालवाडीतल्या धडधाकट पोरांच्या नाकात काडी घातली तरी यातले एक-दोन सहज सापडतील. न्यूमोकोकस (म्हणजे रिपोर्टमधला स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनी) आणि हिमोफिलस हे बॅक्टेरिया लहान मुलांच्या नाकाघशात आजार न करता मुक्कामाला असतात. ऱ्हायनो म्हणजे साध्या सर्दीचा, तो बरा झाल्यावरही टेस्टमध्ये कित्येक दिवस दिसू शकतो. टेस्ट जंतूचं जनुकीय द्रव्य शोधते. तो जिवंत आहे की मेलेला, पाहुणा आहे की चोर, हे ती सांगत नाही. शिवाय काडी गेली नाकात, आजार फुप्फुसात. आणि एवढी लहान मुलं बेडका थुंकून देत नाहीत, गिळतात, त्यामुळे खालचा नमुना सहज मिळतही नाही. मला पटलं. गेटवर उभं राहून आत कोण कोण गेलं ते सांगता येईल, पण मशीन कोणी बिघडवलं ते गेटवरून कसं सांगणार?

मी रिपोर्टमधल्या सीटी नावाच्या आकड्यांबद्दल विचारलं. इन्फ्लुएन्झासमोर २३ होता, ऱ्हायनोसमोर ३६. त्यांना बरं वाटलं, म्हणाल्या बहुतेक जण हे विचारत नाहीत. आकडा जितका लहान तितका नमुन्यात जंतूचा माल जास्त. म्हणजे ३६ हा अगदी शेवटचा वास. पण स्वॅब नीट घेतला की ओझरता, यावरही तो आकडा हलतो, म्हणून त्यावर निवाडा द्यायचा नाही. लाल रंग मात्र दोघांना सारखाच! आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये कोणी असं केलं तर मी त्याला परत पाठवेन.

मेहुण्याच्या "फ्लू दोनदा"चं उत्तर तर भारीच निघालं. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा फ्लू नाहीच, तो बॅक्टेरिया. १८९२ मध्ये फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तो फ्लूच्या रुग्णांत सापडला आणि त्याने जाहीर केलं की फ्लू यानेच होतो. नाव चिकटलं ते कायमचं. माणसातला फ्लूचा खरा व्हायरस हाती लागायला १९३३ उजाडलं. म्हणजे आजाऱ्याच्या नाकाघशात सापडला म्हणजे तोच गुन्हेगार, ही गफलत चाळीस वर्षं चालली, आणि त्या गफलतीचं नाव माझ्या मुलीच्या रिपोर्टवर लाल अक्षरात छापून आलं होतं.

मग आजार नेमका कशाचा? मॅडमचं म्हणणं, रिपोर्ट बाजूला ठेवा आणि तारखा बघा. शनिवारी ताप, मंगळवारी उतरला, बुधवारी पोरगी खेळली, गुरुवारी ताप परत आणि सोबत धाप. उतरलेला ताप असा उलटून आला की फ्लूच्या मागून बॅक्टेरिया घुसल्याचा संशय घ्यायचा. फ्लूचा व्हायरस श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून काढतो. त्या अस्तरावर केसासारखे बारीक तंतू असतात, ते कफ आणि घाण वर ढकलत असतात. ते बंद पडले की नाकात गुपचूप बसलेल्या न्यूमोकोकसला खाली उतरायला रस्ता मोकळा. १९१८ च्या साथीत गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या फुप्फुसात असा मागून आलेला बॅक्टेरियाचा न्यूमोनिया होता, आणि तेव्हा अँटिबायोटिक नावाची वस्तूच नव्हती.

मला हे पावडर कोटिंगवरून लगेच कळलं. गंज आणणारी ओल हवेत असतेच. कोटिंग शाबूत आहे तोवर ती पत्र्याला काही करत नाही. ओरखडा पडला की तिथेच गंज धरतो. आता गंज सापडला म्हणून हवेची टेस्ट करून काय करणार? ओरखडा कधी पडला ते बघायचं.

आणि पहिलं अँटिबायोटिक? व्हायरसवर ते चालतच नाही. मंगळवारचा ताप फ्लूच्या आपल्या चालीने उतरला, औषधाचा त्यात काही हात नव्हता. पुढचा न्यूमोनिया टळावा म्हणून आधीच देऊन ठेवलं तरी तो टळत नाही, उलट नाकात उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे. पहिल्या डॉक्टरांबद्दल मॅडम एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. मला बोलावंसं वाटलं, पण त्या दवाखान्यात मीच "लवकर बरं होईल असं काहीतरी द्या" म्हणालो होतो.

मग मी सरळच विचारलं, या साडेनऊ हजारांनी काय बदललं? त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, ओवीच्या उपचारात काही नाही. फ्लू पक्का झाला, तर त्याचं औषध पूर्ण करू. पण तेवढ्यासाठी फक्त फ्लूची छोटी टेस्ट पुरली असती. मोठं पॅनल आयसीयूतल्या मुलाला, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलाला, किंवा योग्य औषध देऊनही सुधारत नसलेल्याला खरं कामाचं. सरसकट सगळ्यांना करायचं हे त्यांना स्वतःला पटत नाही. मग काउंटरवर तसा कागद का, यावर त्यांनी नुसतं चष्मा पुसला. मला वाटतं मालक दुसरे असावेत.

एक फायदा मी प्रामाणिकपणे लिहितो. घरात भावाचं पाच महिन्यांचं बाळ आहे. फ्लू पक्का कळल्यावर वहिनी त्याला घेऊन आठवडाभर माहेरी गेली, आम्ही सगळ्यांनी मास्क लावले. बाळाला काही झालं नाही. हा साडेनऊ हजारांचा फायदा की छोट्या टेस्टचाही झाला असता, तुम्हीच ठरवा.

रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातून बॅक्टेरिया वाढवून बघायची टेस्ट, तीही पाठवली होती, सलाईनमधल्या अँटिबायोटिकच्या आधी. कल्चर रिकामं आलं. न्यूमोनियाच्या बहुतेक मुलांत ते रिकामंच येतं म्हणे, त्याचा अर्थ बॅक्टेरिया नव्हता असा नाही. एकूण काय, ज्या टेस्टने चार नावं दिली तिचाही अर्थ सरळ नाही, आणि जिने एकही दिलं नाही तिचाही नाही.

लसीचं बायकोने विचारलं. ओवीला न्यूमोकोकलचे तीनही डोस झालेत, दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांचा, मनपाच्या केंद्रात, फुकट. २०२१ पासून ही लस देशभर सरकारी कार्यक्रमात आहे. मग हा न्यूमोकोकस आला कुठून? तर त्याचे शंभरच्या आसपास प्रकार, आणि लसीत जास्त घातक असे दहा-तेरा. लस होती म्हणून तीन रात्रींत घरी चाललोय असंही असेल, त्या म्हणाल्या, सिद्ध करून दाखवता येणार नाही. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीत हिमोफिलसच्या बी प्रकाराची लस असते, तीही झालेली. राहिली होती फ्लूची, दरवर्षीची. ती सरकारी यादीत नाही, स्वतः घ्यावी लागते, दीड-दोन हजार. गेल्या वर्षी मी "बघू" म्हणालो होतो. त्याच महिन्यात गाडीला अलॉय व्हील बसवली होती.

बाकी सोयींचं भराभर सांगतो. खोली स्वच्छ, बाथरूमला गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच. सोबत एकच पालक, त्याला फोल्डिंग खुर्ची, ती पूर्ण उघडत नाही. आत कँटीन नाही. समोरच्या टपरीवरचे पोहे बरे, चहा गोड. सिंहस्थाची कामं चालू असल्याने समोरचा रस्ता खोदलेला, त्या धुळीतून खोकणारी पोरं आत आणायची हा विनोद कोणाच्या लक्षात येत नाही. डिस्चार्ज सकाळी अकराला सांगितला, प्रत्यक्षात कागद हातात पडले पावणेपाचला. त्यातला दीड तास फार्मसीचा एक माणूस जेवायला गेला होता.

ऑक्सिजन शनिवारी रात्री निघाला, सोमवारी घरी. पुढे साधं अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध. आठवड्याने फॉलोअपला मॅडमनी परत एक्स-रे काढला नाही. मूल बरं दिसतंय, खातंय, श्वास २६, कशाला? काउंटरवरच्या मुलीने "रिपीट पॅनल करायचं का, सर? डिस्काउंट आहे" असं विचारलं, तेव्हा बायकोने जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

सिस्टर आणि मावशींना पाच. मॅडमना साडेचार, अर्धा कापला तो चष्मा पुसल्याबद्दल. काउंटरला दीड. पॅनलला दोन, आणि तेही बाळामुळे.

बिल ४३,२०० झालं. विमा कंपनीने पॅनलचे पैसे अडवलेत. क्वेरी आलीय की रिपोर्टमध्ये चार जंतू दिसतात, तरी आजार नक्की कोणत्या जंतूमुळे झाला ते डॉक्टरांकडून लिहून आणावं. मॅडमनी लेटरहेडवर एका ओळीत लिहून दिलं, "फ्लूनंतरचा न्यूमोनिया, निदान तपासणीवरून व एक्स-रेवरून." ते अपलोड केलं. दोन दिवसांनी तीच क्वेरी परत आली.